श्रीलंका बुडाली तेव्हा सही कोणाची होती?

शहापूरची शिक्षिका

निपाणीच्या अडत व्यापाऱ्यांनी काल असे लिहिले की, देशाचा अध्यक्ष नावापुरताच कर्ता असतो, तेलाचे भाव, जुने कर्ज आणि रोगाची साथ हेच खरे कर्ते असतात, आणि 2022 मध्ये श्रीलंका कर्जात बुडाली तेव्हा तिथले अध्यक्ष असलेले गोटाबाया राजपक्षे यांच्यावर खापर फोडणे ही जमावाची सोय होती. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. बेळगावात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवताना अर्थव्यवस्था एका माणसाच्या मुठीत नसते हे मीच मुलांना सांगत आले; पण त्या वाक्याच्या आडोशाला सत्ताधाऱ्याला उभे केलेले मला पाहवत नाही.

अध्यक्षाचा दोष ठरवताना मी दोनच प्रश्न विचारते. निर्णय त्याच्या अधिकारातला होता काय, आणि निर्णयाआधी त्याला कोणी सावध केले होते काय? राजपक्षे नोव्हेंबर 2019 मध्ये निवडून आले आणि डिसेंबरपासून त्यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला. तेव्हा कोरोना श्रीलंकेत पोहोचलाही नव्हता. म्हणजे साथ आली तेव्हा तिजोरीचे दार आधीच उघडे टाकलेले होते. 2020 मध्ये देशाची कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या पतमानांकन संस्थांनी देशाचे मानांकन खाली आणले, परदेशी बाजारात नवे कर्जरोखे विकणे अशक्य झाले, तरीही सरकार अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जाण्याचे 2022 पर्यंत टाळत राहिले. त्याच 2020 च्या ऑक्टोबरमध्ये विसाव्या घटनादुरुस्तीने अध्यक्षाचे अधिकार वाढवून घेतले. ज्याने अधिकार मागून घेतले, त्याला नावापुरता कर्ता कसे म्हणायचे?

अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी 1929 ची शेअर बाजाराची घसरण आणली असे मी म्हणत नाही. मात्र जून 1930 मध्ये आयात मालावरील जकात वाढवणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली, तेव्हा सही करू नका असे विनवणारे हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांचे निवेदन त्यांच्यापुढे होते. मंदी त्यांच्या खात्यावर मांडू नये, ती सही मात्र मांडावीच लागेल.

निपाणीचा अडत व्यापारी

ताई, आपण माझे वाक्य घेतले, पण त्यामागचे कारण घेतले नाही. आमची तंबाखूची वखार तीन पिढ्यांची आहे. विडीचा खप घटला, कंपनीने खरेदी हात राखून केली, की भाव पडतो. आणि शेतकरी येतो तो माझ्या दारात, कारण त्याला दिसणारा चेहरा माझा असतो. रास्त भावासाठी झालेल्या 1981 च्या तंबाखू आंदोलनाच्या वेळी मी शाळेत होतो. शेतकऱ्यांची मागणी रास्त होती हे मी आज मान्य करतो, पण त्या वर्षी वर्गातली मुले माझ्याशी बोलेनाशी झाली होती, हेही मी विसरलेलो नाही. दिसणाऱ्या चेहऱ्यावर जाणारा राग मला तेव्हापासून संशयास्पद वाटतो. आपल्या सीमाभागात तर प्रत्येक दुखण्याचा दोष बंगळुरूला नाहीतर मुंबईला देऊन मोकळे होण्याची सवयच जडली आहे.

आता उदाहरणे मीही देतो. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात महागाई भडकली, त्यात 1979 च्या इराणमधील क्रांतीनंतर चढलेल्या तेलाचा मोठा वाटा होता. ती आटोक्यात आणणारे पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर नेमले ते कार्टर यांनीच. व्होल्कर यांनी व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास नेले, 1980 ची निवडणूक कार्टर हरले, आणि महागाई उतरल्याचे श्रेय पुढचे अध्यक्ष रेगन यांच्या पदरात पडले. श्रीलंकेतही तेच झाले. सप्टेंबर 2022 मध्ये 70 टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई गोटाबाया यांच्यानंतर अध्यक्ष झालेले रनिल विक्रमसिंघे यांच्या कारकिर्दीत एक आकडी झाली, नाणेनिधीचे सुमारे 3 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले, आणि 2024 च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना तिसऱ्या क्रमांकावर टाकले. लोकांचा हिशेब असा असतो.

शिवाय महागड्या आंतरराष्ट्रीय रोख्यांचा मार्ग 2007 मध्ये धरला गेला. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, तेव्हा गोटाबाया अध्यक्ष नव्हते. एप्रिल 2019 च्या ईस्टरच्या बाँबस्फोटांनी पर्यटन कोसळले, तेव्हाही नव्हते.

उद्यमबागचा मोल्डर

मी फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, बावीस वर्षे साचे बनवण्याच्या कामाला, मोल्डिंगला, आहे. आमचा ओतीव भाग ज्या पंपात बसतो, तो पंप अमेरिकेला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले आणि आमच्या तीन पाळ्यांच्या दोन झाल्या. माझ्यासोबत काम शिकलेला माणूस त्या महिन्यापासून गावी बसून आहे. हा निर्णय बाजाराने घेतला नाही, तेलाने घेतला नाही, एका माणसाने सही करून घेतला. अध्यक्षाच्या हातात काही नसते हे आपण त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला सांगू शकाल काय?

निपाणीचा अडत व्यापारी

आपल्या सोबत्याचे वाईट वाटते, आणि ते मी तोंडदेखले म्हणत नाही. पण सगळा माल एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर ठेवणारा मालकही त्या हिशेबात धरा.

चिकोडीचा ऊस उत्पादक

खताचा विषय अजून कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. एप्रिल 2021 च्या अखेरीस श्रीलंकेच्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. तिथल्या कृषिशास्त्रज्ञांनी पीक बुडेल असे सांगितले होते आणि पीक बुडाले. तांदळात जवळपास स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आणावा लागला, चहाला फटका बसला, आणि नोव्हेंबरात बंदी मागे घेतली, तोवर हंगाम हातचा गेला होता.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका व्याख्यात्याचे ऐकून मीही एक एकर खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला, रासायनिक खत पूर्ण बंद केले होते. शेणखत घातले, शेण-गोमूत्राचे जीवामृत सोडले. आधी पंचेचाळीस टन निघणाऱ्या त्या तुकड्यात अठ्ठावीस टन ऊस निघाला आणि सोसायटीचे कर्ज फेडायला बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. माझा एक एकर होता, त्यांनी अख्खा देश त्यात घातला. सेंद्रिय शेतीचे हे सगळे भाषणबाज लोक शेतकऱ्याच्या जिवावर उठलेले आहेत.

खानापूरचा भात उत्पादक

दादा, आपले नुकसान झाले ते मला कळते, पण शेवटचे वाक्य मागे घ्या. मी बारा वर्षे सेंद्रिय भात करतो. पहिली चार वर्षे माझेही उत्पन्न घटले होते. म्हणूनच मी सगळे शेत एकदम न बदलता दर वर्षी अर्धा एकर बदलत गेलो. हिरवळीच्या खतासाठी ताग गाडला, बांधावर गिरिपुष्पाची झाडे लावली, तेव्हा कुठे जमीन वळणावर आली. खोडव्याला एका वर्षात उपाशी ठेवून सेंद्रिय शेती फसली असे म्हणणे हा जमिनीवर अन्याय आहे.

श्रीलंकेत झाली ती सेंद्रिय शेती नव्हती. खताच्या आयातीवर वर्षाला सुमारे 40 कोटी डॉलर जात होते, परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती, आणि डॉलर वाचवण्याच्या घाईला आरोग्याचे नाव दिले गेले. राजपक्षे यांच्या 2019 च्या जाहीरनाम्यात या बदलासाठी दहा वर्षांची मुदत लिहिलेली होती. दहा वर्षांचे काम त्यांनी दीड वर्षाच्या आत हुकमाने करायला घेतले.

चिकोडीचा ऊस उत्पादक

दर वर्षी अर्धा एकर बदलायला ज्याच्या घरी दुसरा पगार येतो त्यालाच परवडते. आमच्याकडे युरियाच्या गोणीसाठी सोसायटीपुढे पहाटे चारपासून रांग असते. रांगेत उभे राहून या, मग मला जमिनीवरचा न्याय शिकवा.

खानापूरचा भात उत्पादक

माझ्या घरी कोणाचाही पगार येत नाही. पहिल्या चार वर्षांत मी दोन म्हशी विकल्या आणि धाकट्याचे कॉलेज एक वर्ष थांबवले. न विचारता माणसाच्या घरात शिरू नये.

चिकोडीचा ऊस उत्पादक

ते मला माहीत नव्हते. पगाराचे वाक्य मागे घेतो. भाषणबाजांविषयीचे घेत नाही, कारण ज्याने मला भरीला घातले तो नंतर माझा फोन उचलत नव्हता.

शहापूरची शिक्षिका

दोघांच्याही अनुभवातून एकच गोष्ट पुढे येते आणि ती मूळ प्रश्नाला लागू आहे. स्वतःच्या शेतात चूक करणारा स्वतः फेडतो; हुकमाने चूक करणाऱ्याची फेड दुसरे करतात. खतबंदीत तेलाचा भाव नव्हता, 2007 चे रोखेही नव्हते. बंदीनंतर चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या जहाजात घातक जिवाणू असल्याचे सांगून ते खत नाकारले गेले, आणि तरीही जानेवारी 2022 मध्ये त्यापोटी 67 लाख डॉलर मोजावे लागले. त्याच महिन्यात, देशात औषधांची चणचण असताना, 50 कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेडही केली गेली. एप्रिलमध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवण्याची वेळ आली, तेव्हा खतबंदी चुकली आणि नाणेनिधीकडे आधीच जायला हवे होते, अशी कबुली स्वतः राजपक्षे यांनी दिली. ज्याने स्वतः कबूल केले, त्याची वकिली निपाणीहून कशासाठी?

नोव्हेंबर 2023 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने गोटाबाया, महिंदा आणि बसिल या तिघा भावांना, तसेच मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरांसह काही अधिकाऱ्यांना या अरिष्टासाठी जबाबदार धरले. तो जमावाचा निकाल नव्हता.

निपाणीचा अडत व्यापारी

दहा वर्षांच्या जाहीरनाम्याची आणि त्या कबुलीची मला माहिती नव्हती. खतबंदी आणि करकपात या दोन निर्णयांपुरते माझे म्हणणे मी मागे घेतो. ते आनंदाने घेत नाही, पण घेतो. अध्यक्ष नावापुरता असतो हे वाक्यही फार ढिले होते.

मात्र एक गोष्ट सोडणार नाही. महिंदा 2005 ते 2015 अध्यक्ष होते. त्या निकालात ते आले ते 2019 नंतरच्या पंतप्रधानपदाच्या आणि अर्थखात्याच्या कारभारापोटी. रोख्यांची सवय ज्या दशकात लागली, त्या दशकाच्या सह्यांचा हिशेब कोणत्या निकालात आहे? त्यांच्यानंतरच्या सरकारनेही तेच रोखे विकले. शेवटची काडी ठेवणाऱ्याला आपण पकडले, ते योग्यच झाले. आधीचे ओझे चढवणाऱ्यांची नावे कोणी विचारत नाही, आणि मी लिहायला बसलो तो त्याचसाठी.

शहापूरची शिक्षिका

हा प्रश्न आपण काल विचारला असता, तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. 2007 पासूनच्या रोख्यांचा हिशेब मीही मागते. फक्त तो मागताना गोटाबाया यांच्या खात्यातून एक पैसाही वजा करायला मी तयार नाही.

उद्यमबागचा मोल्डर

मालकाविषयी आपण लिहिलेले मी दुपारच्या सुट्टीत चौघांना वाचून दाखवले. एकच गिऱ्हाईक धरून बसण्यात मालकाची चूक आहे हे तिघांनी मान्य केले. चौथ्याचे म्हणणे असे पडले की, मालक चुकला तर त्याच्याशी भांडायला युनियन आहे. त्या सहीशी भांडायला आमच्याकडे मतसुद्धा नाही.

चिकोडीचा ऊस उत्पादक

खानापूरच्या दादांना एक विचारतो. यंदा खोडव्यातले पाचट न जाळता सरीत ठेवावे म्हणतो, युरिया मात्र बंद करणार नाही. अर्ध्या एकरात करून पाहायचे, तर आधी काय करावे लागेल?