द्राक्षांची रिफर गाडी दिल्लीला: मागचे बॉक्स गरम, पुढचे गोठलेले. रचाईत काय चुकतंय?

निर्यात_ते_आझादपूर

थॉमसन द्राक्षांची ३२ फुटी रिफर (थंड ठेवणारी) गाडी दिंडोरीहून दिल्लीच्या आझादपूर मंडईला. २४०० बॉक्स, प्रत्येकात अर्ध्या किलोचे १० पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे), म्हणजे १२ टन माल. आतापर्यंत काम निर्यातीच्या कंटेनरचं, म्हणून रचाईही तशीच केली: बॉक्स भिंतीला भिडवून, मध्ये फट न ठेवता. पॅलेट (मालाखालचे लाकडी पाट) नाहीत, थप्पी थेट फ्लोअरवर. पुढे छताच्या कापडी च्यूटला (थंड हवा मागे नेणाऱ्या नळीला) टेकेपर्यंत, मागे उतरती. प्री-कूलिंग (भरण्याआधी माल गार करणं) ४ तास, खोलीचा डिस्प्ले १ अंश. गाडीचा सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) ०.

दिल्लीत दारालगतच्या बॉक्सचं तापमान ९-१० निघालं, देठ तपकिरी. पुढच्या वरच्या थरात काही मणी काचेसारखे, दाबले की पाणी. आणि बऱ्याच बॉक्समध्ये देठाभोवती मणी पांढुरके पडलेले. ड्रायव्हर म्हणतो युनिट (गाडीचं थंड करणारं यंत्र) पूर्ण वेळ चालू होतं, लॉगरही (तापमान नोंदवणारं यंत्र) तेच सांगतो. मग युनिटमध्ये दोष आहे का?

गारठा

युनिट ठीक दिसतंय. कंटेनरची रचाई गाडीत केलीत, तिथेच घोळ झाला. दोन्हींत हवेचा रस्ता बरोबर उलटा असतो.

कंटेनरमध्ये थंड हवा खालून येते. फ्लोअरला टी आकाराच्या पट्ट्या असतात, त्यांच्या खोबणीतून हवा दारापर्यंत जाते, बॉक्सच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत युनिटकडे जाते. म्हणून तिथे माल भिडवून लावायचा, फट ठेवायची नाही, नाहीतर हवा फटीतून पळते. ४० फुटी कंटेनरमध्ये १२०० बाय १००० मिलिमीटरचे २० पॅलेट बसतात, एका रांगेत ११ आणि दुसरीत ९. दाराशी अर्धा-पाऊण मीटर फ्लोअर उघडा राहतो, त्यावर पुठ्ठा टाकतात तो त्याचसाठी.

गाडीत हवा वरून येते. च्यूटमधून मागच्या दारापर्यंत जाते, दारावरून खाली उतरते, मग मालाच्या खालून आणि बाजूंनी पुढे येऊन पुढच्या भिंतीच्या तळाशी युनिटमध्ये शिरते. तुमच्या गाडीत च्यूट दबला, म्हणजे हवा मागे पोहोचलीच नाही. खाली पॅलेट नाही, बाजूला फट नाही, म्हणजे जी थोडी पोहोचली तिला परतीची वाट नाही. ती पुढच्या पुढेच फिरत राहिली.

रचाई अशी करा:

पॅलेट टाका आणि त्यांची तोंडं पुढे-मागे ठेवा. हमाल हमखास आडवे टाकतात, मग खालच्या लाकडी फळ्याच हवा अडवतात. वर माल आणि च्यूट यांच्यात किमान १५ सेंटीमीटर. बाजूच्या दोन्ही भिंतींपाशी ४-५ सेंटीमीटर. भिंतीला उभ्या पट्ट्या नसतील तर दर मीटरला एक लाकडी पट्टी उभी करा, नाहीतर घाटात थप्पी सरकून फट बंद होते. मागे दारापासून १० सेंटीमीटर आणि तिथे लोड बार (माल अडवणारा आडवा दांडा). पुढे परतीच्या हवेची जाळी पूर्ण मोकळी. तिच्यापुढे पत्र्याची आड-भिंत नसेल तर एक पॅलेट उभं करून ठेवलं तरी काम भागतं.

२४०० बॉक्स पूर्ण लांबीत सारखे पसरले तर १३-१४ थरांत बसतात. पुढे च्यूटपर्यंत चढवायची गरजच नव्हती.

शीतगृह_निफाड

रचाई सुधारली तरी माल गरमच भरला असेल तर उपयोग नाही. डिस्प्लेवरचा १ अंश हा खोलीतल्या हवेचा. पनेट, आत पाऊच, वर बुरशी रोखणारं सल्फरचं पॅड, एवढ्या वेष्टणात ४ तासांत मणी आतून गार होत नाही. फोर्स्ड एअरला (पंख्याने थंड हवा बॉक्समधून ओढण्याला) ६ ते ८ तास धरा, आणि घड्याळावर न जाता मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसून बघा. थप्पीच्या मधल्या बॉक्समधल्या मधल्या पनेटचा मणी घ्या, कडेचा नको. लेझरची बंदूक फक्त वरची साल मोजते, तिच्यावर गाडी सोडू नका. आकडा ० ते १ आला की भरा.

गाडी गार माल गार ठेवते. गरम माल गार करणं तिचं काम नाही. हिशोब करून बघा: १२ टन माल, ८ अंशांवरून १ वर आणायचा, तर साधारण ८४ किलोवॉट-तास उष्णता काढावी लागते. भिंती आणि दारातून आत येणारी उष्णता वेगळीच. कागदावर रीफर युनिट हे दहा-बारा तासांत करेल, पण बंद पनेटच्या आत हवा पोहोचायला हवी ना. दिल्लीपर्यंतच्या दीड-दोन दिवसांत मधले बॉक्स तसेच राहतात.

गारठा

बरोबर. गोठलेल्या मण्यांचंही उत्तर यातच आहे. गाडीची बरीच युनिटं परतीच्या हवेच्या तापमानावरून चालतात. माल गरम असला की परतीची हवा ० वर येत नाही, मग च्यूटमधून उणे ४-५ ची हवा सुटत राहते आणि ती पहिल्यांदा पुढच्या वरच्या थरावर पडते. द्राक्ष उणे २ च्या आसपास गोठतं, गोडी कमी असेल तर त्याही आधी. सेटिंग पुरवठ्याच्या (च्यूटमध्ये सुटणाऱ्या) हवेवर घेता येत असेल तर तसं घ्या. नसेल तर सेट पॉइंट १ ठेवा. मोड ‘कंटिन्युअस’. चालू-बंदचा डिझेल वाचवणारा मोड ताज्या फळाला नको, युनिट थांबलं की पंखाही थांबतो.

निर्यात_ते_आझादपूर

आणि पांढुरके मणी? पॅडचा लॉट खराब म्हणायचा का?

शीतगृह_निफाड

पॅडला पाणी लागलं. मार्चमधल्या दुपारी गार बॉक्स उघड्यावर आणले की दोन मिनिटांत त्यांना घाम फुटतो, पाऊचच्या आत थेंब दिसतात. पॅडमधलं मेटाबायसल्फाइट ओलाव्याने एकदम गॅस सोडतं. महिनाभर पुरायचा तो डोस एका रात्रीत निघून जातो आणि देठाकडून मणी ब्लीच होतात. वाटेत माल पुन्हा गरम-गार झाला तर तेच. लॉटला दोष देण्याआधी पाऊच उघडून पॅडचा कागद ओला झाला होता का ते बघा.

म्हणून पहाटे भरा, शीतगृहाचं दार आणि गाडीचं दार यांच्यात ताडपत्रीची कनात लावा, दाराला पट्ट्यांचा पडदा ठेवा. एका वेळी एकच पॅलेट बाहेर काढायचं. गाडी आधी दार बंद करून तास-दीड तास गार करा. मग दार उघडण्याआधी युनिट बंद करा. चालू ठेवलं तर बाहेरची दमट हवा ओढून कॉइलवर बर्फ धरतो आणि प्रवासाची सुरुवातच अर्ध्या हवेवर होते. दार लागलं की एकदा हाताने डिफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणं) देऊन मग सेटवर सोडा.

बिल्टी_बहाद्दर

लॉगर कुठे ठेवला होता? युनिटजवळ असेल तर तो कायम शहाण्यासारखंच बोलणार. एक दारालगतच्या थप्पीत वरून दुसऱ्या-तिसऱ्या थरात, एक मधोमध. बॉक्सच्या आत, भिंतीला चिकटवून नाही. आणि त्याच गाडीत डाळिंबाचे ४०-५० क्रेट टाकायचा मोह होतो, तो आवरा. डाळिंबाला ५ ते ७ अंश लागतात, ० वर साल आतून तपकिरी पडते. शिवाय द्राक्षाच्या पॅडचा गॅस दुसऱ्या फळाला चालत नाही.

निर्यात_ते_आझादपूर

लॉगर युनिटजवळच होता. पॅडचा कागद ओला होता. पुढच्या गाडीला पॅलेट भाड्याने घेतो. ३२ फुटीत १२०० बाय १००० चे किती धरू?

गारठा

आतली रुंदी आधी टेपने मोजा, बॉडी बनवणाऱ्यागणिक भिंतीची जाडी बदलते. २.३० मीटर निघाली तर १.२ आणि १ असे शेजारी लावून दोन्हीकडे ५ सेंटीमीटर उरतात. २.२० च्या आत निघाली तर दोन्ही रांगांत १ मीटरची बाजू आडवी घ्या, ९.६ मीटर लांबीत पुढची-मागची फट सोडून प्रत्येक रांगेला ७ बसतील, एकूण १४. उरलेल्या लांबीत मागे सुटे बॉक्स लावायचे असतील तर त्यांच्याखालीही पॅलेटचा तुकडा हवा.