उत्तर: मिनीचा कॅमशाफ्ट आणि कार्ब्युरेटर

जुन्या ९९८ सीसी मिनीची (छोटी ब्रिटिश गाडी) ताकद वाढवायला थेट रेसिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) आणि जोड कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे) बसवावेत, असा सल्ला एकाने दिलाय, त्याला हे उत्तर. गाडी रोज शहरात चालवायची असेल तर मी तरी नको म्हणेन.

मिनीच्या ए-सिरीज इंजिनाचं खरं दुखणं हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात आहे. सिलिंडर चार, पण इनटेक पोर्ट (मिश्रण आत घेणाऱ्या वाटा) दोनच. १-२ मिळून एक, ३-४ मिळून दुसरा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, त्यामुळे शेजारचे दोन सिलिंडर पाठोपाठ श्वास घेतात आणि एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम लावला की कमी आरपीएमला (मिनिटाला फेरे) इंजिन अडखळायला लागतं. शिवाय इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कॉम्प्रेशन पडतं, मग ते वाढवायला हेड प्लेन करणं (तासून पातळ करणं) आलं. खर्च वाढतच जातो.

त्यापेक्षा मूळच्या सव्वा इंची एसयू कार्ब्युरेटरच्या जागी त्याच कंपनीचा दीड इंची एचएस४, त्याला जुळणारा मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर हेडला जोडणारा नळ), मोकळा एक्झॉस्ट आणि सौम्य रोड कॅम बसवा. कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) मात्र रोलिंग रोडवर (गाडी रोलरवर चालवून तपासायचं यंत्र) तपासूनच ठरवा. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) राहिलं तर पिस्टन जळू शकतो.

आणि हो, नव्या कॅमबरोबर टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) नवेच घाला. जुने नवा कॅम खातात. लोबना (कॅमवरच्या उंचवट्यांना) मॉलिब्डेनमची वंगण पेस्ट नीट चोपडा. इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सोडू नका, वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या वर ठेवा. आयडलवर लोबपर्यंत तेल पुरेसं उडत नाही.