मदत हवी आहे: पालकसभेला कोणी येतच नाही

सातपुडा_पायथा:
जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे, चोपडा तालुका. दसऱ्यानंतर हजेरी पार घसरली. तीनदा पालकसभा लावली, दर वेळी चार-पाच जण. पोरांच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, सरपंचांकरवी निरोप दिला. सोमवारी पुन्हा सभा आहे. खात्रीचा उपाय सांगा, लवकर.

तापीकाठ:
कोणता वर्ग? सभा किती वाजता?

केळीपट्टा:
ग्रुपवर रोज प्रत्येक मुलाच्या वहीचा फोटो टाका. आमच्या रावेरकडे पालक आता स्वतःहून विचारतात, आज फोटो का नाही म्हणून.

तापीकाठ:
दादा, पायथ्याच्या पाड्यावर घरात एकच फोन, तोही बापाच्या खिशात. आईला काय दिसणार? ताई, वेळ सांगा.

सातपुडा_पायथा:
तिसरी-चौथी एकत्र. सभा अकराला, शाळा भरलेली असताना.

तापीकाठ:
अकराला बाया वावरात असतात. वेचणीची मजुरी किलोवर. अर्धा दिवस मोडला तर तेवढे पैसे गेले. कापूस मोजून झाला, चूल पेटली, की मग बोलवा. शाळेत नाही, पाड्यावर.

खडू_फळा:
शाळा व्यवस्थापन समिती कशाला आहे? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. त्यांच्याकडून काम करून घ्या.

तापीकाठ:
समितीची सभा न होता सह्या घरपोच होत असतील तर कलम वाचून कोण येईल सर?

खडू_फळा:
मी 22 वर्षं समितीवरच शाळा उभी केली. नीट विचारलं तर लोक येतात.

भुसावळकर:
ताई, शाळा अवघड क्षेत्रात, म्हणजे दुर्गम शाळांच्या यादीत, मोडते का? मोडत असेल तर बदलीचा अर्ज भरताना ते आधी बघा.

सातपुडा_पायथा:
मला बदली नको आहे. चौथीतली दोन मुलं आई-बापासोबत गुजरातला ऊसतोडीला गेली, त्यांचं काय करू तेही सांगा.

खडू_फळा:
त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायला हवं होतं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. आता मुकादमाचा नंबर मिळवून आई-बापाशी बोला. पुढच्या हंगामासाठी दिवाळीआधीच हंगामी वसतिगृहाची मागणी करा, मग मूल आजीकडे राहून शाळेत येऊ शकतं.

पाड्याची_लेक:
मी पावरा आदिवासी आहे, आता नर्स आहे. चिठ्ठी मराठीत आणि मायला वाचता येत नव्हतं. बाई घरी आल्या की माय घाबरायची, तक्रार आली असं वाटायचं. एकदा एक बाई नुसतं सांगायला आल्या की मी पाढे चांगले म्हणते. त्यानंतर माय स्वतः शाळेत आली. ताई, तुम्हाला पावरी येते का?

सातपुडा_पायथा:
नाही. अहिराणी समजते.

केळीपट्टा:
मग अहिराणीत बोला, खान्देशात सगळ्यांना कळते.

पाड्याची_लेक:
बाजारात कळते. पोराबद्दलचं मनातलं माय पावरीतच सांगते. एखादी शिकलेली मुलगी सोबत न्या.

सातपुडा_पायथा (चार दिवसांनी):
सोमवारची सभा रद्द केली. बारावीच्या एका मुलीला घेऊन सलग दोन संध्याकाळी पाड्यावर गेले. आधी प्रत्येक मुलाचं एक चांगलं सांगितलं. 17 आया बसल्या. मी समजत होते मुली वेचणीला जातात. त्या घरीच असतात, दीड-दोन वर्षांची भावंडं सांभाळत. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई अंधार पडल्यावर येते. मुलीने बाळासकट वर्गात बसावं, चालेल का?

खडू_फळा:
दीड वर्षाचं मूल वर्गात? बाकीच्यांचं शिकणं थांबेल.

पाड्याची_लेक:
मी भावाला कडेवर घेऊनच बसायचे. शाळा सुटली नाही ती त्यामुळेच.

तापीकाठ:
अंगणवाडी सेविकेशी बोला. पाड्यावर वेचणीला न जाणारी एखादी आजी असेलच, ती दुपारनंतर बाळं बघेल का, हे समितीतल्या बायांना विचारू द्या.

सातपुडा_पायथा:
एक आजी आहेत. उद्या सेविकेला घेऊन त्यांच्याकडे जाते.