परत आलेला लार्स हान्सन मोठा की न परतलेली गार्बो?

पिटातला (धागाकर्ता)

परवा रात्री 'द विंड' तिसऱ्यांदा पाहिला. १९२८ चा मूकपट, नायिका लिलियन गिश. दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रॉम आणि नायक लार्स हान्सन, दोघेही स्वीडनहून हॉलिवूडला गेलेले. झोप उडाली ती उडालीच, म्हणून हा धागा.

माझं मत: हॉलिवूडने त्या पिढीच्या स्वीडिश नटांचं वाटोळं केलं. जे वेळेवर घरी परतले तेच नट म्हणून वाचले.

ही माणसं काय सोडून गेली ते बघा. शोस्ट्रॉमचा १९१३ चा 'इंगेबोर्ग होल्म' पाहा. नवरा वारलेली, कर्जात बुडालेली बाई अनाथालयवजा गरीबखान्यात जाते आणि तिची मुलं दुसऱ्यांच्या घरी वाढायला दिली जातात. ती चोरून पळत आजारी मुलीला भेटायला जाते. पुढे धाकट्याला तिच्याकडे आणतात, तर पोरगं तिला ओळखतच नाही. नायिका हिल्डा बोर्गस्ट्रॉम तिथे छाती पिटत नाही, डोळे फिरवत नाही. पुढे वेड लागल्यावर लाकडाचा एक तुकडा बाळासारखा जोजवत बसते, बस्स. १९१३ साली, जेव्हा जगभरचे नट कॅमेऱ्यासमोर हातवारे करत होते! या सिनेमावरून स्वीडनमध्ये गरिबांच्या कायद्यावर रण माजलं होतं.

आणि पुढे? दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलर तरुण नटी ग्रेटा गार्बोला घेऊन १९२५ मध्ये अमेरिकेला गेला, तिथे त्याचं जमलं नाही, परत येऊन १९२८ मध्ये ४५ व्या वर्षी वारला. अ‍ॅना निल्सन, मूकपटांची मोठी तारका, १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये पत्ते खेळणाऱ्या विस्मृत चेहऱ्यांपैकी एक म्हणून दिसते. आणि गार्बो १९४१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी थांबली ती कायमची.

उलट हान्सन. १९२८ नंतर परत आला आणि पुढची कित्येक वर्षं स्टॉकहोमच्या ड्रामाटेनवर, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रंगभूमीवर, उभा राहिला. मोठा कोण, सांगा.

मालूताई_डोंबिवली

इंगेबोर्गबद्दल शंभर टक्के सहमत. बाकी निष्कर्ष ओढूनताणून.

अ‍ॅना निल्सनला या यादीत कशाला कोंबलंत? ती स्वीडनची नटी म्हणून गेलीच नव्हती. पोरसवदा वयात पोट भरायला अमेरिकेला गेली आणि तिथेच तारका झाली. तिची घसरण १९२८ मध्ये घोड्यावरून पडून कंबरेचं हाड मोडल्यावर सुरू झाली. पाठोपाठ बोलपट आले. यात घोड्याचा दोष धरा, हॉलिवूडचा कसला धरता?

आणि यस्टा एकमनला सोयीस्करपणे विसरलात. तो हॉलिवूडला कधी गेलाच नाही. बर्लिनला गेला, जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'फाउस्ट'साठी (१९२६). पस्तिशीचा माणूस, आधी पांढऱ्या दाढीचा जख्खड पंडित होतो आणि मग कोवळा तरुण. काम अफाटच. पण तिथून येताना कोकेनचं व्यसन घेऊन आला आणि १९३८ मध्ये ४७ व्या वर्षी संपला. घरी परतला, रंगभूमी गाजवली, तरी वाचला नाही. मग तुमच्या 'परतले ते वाचले'चं काय करायचं?

पिटातला

ताई, घोड्याचा मुद्दा मान्य. निल्सनबाईंना यादीतून काढतो.

एकमन मात्र माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. व्यसन असूनही परतल्यावर त्याने काम केलं. १९३६ च्या 'इंटरमेझो'त समोर विशीतली इंग्रिड बर्गमन आहे, तरी नजर त्याच्यावरून हलत नाही.

उत्तरध्रुव

दोघेही नटांच्या पत्रिका मांडून बसलात, बाजार कोणी बघायचा? पहिल्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता. स्पर्धा मंदावलेली, म्हणून त्यांचे सिनेमे परदेशी खपले. युद्ध संपल्यावर अमेरिकन आणि जर्मन चित्रपटांचा लोंढा आला आणि वीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वीडिश धंदा बसला. शोस्ट्रॉम गेला तो बुडत्या जहाजावरून. त्याला 'पळवलं' म्हणणं म्हणजे जहाजाचं भोक झाकणं.

दुसरं, आवाज. 'द स्कार्लेट लेटर'मध्ये (१९२६) हान्सन आपले संवाद स्वीडिशमध्ये म्हणायचा आणि समोर गिश इंग्रजीत. मूकपट म्हणून खपलं. बोलपट आल्यावर काय करणार होता तो? त्याचं परतणं हा काही कलेसाठी केलेला त्याग नव्हता, दुसरा रस्ताच नव्हता.

कोपऱ्यातली खुर्ची

@उत्तरध्रुव, भाषेचा मुद्दा हान्सनला लागू, शोस्ट्रॉमला नाही. त्याचं बालपण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेलं. इंग्रजी त्याच्या घरचीच. अमेरिकेत त्याच्या आडनावाचं 'सीस्ट्रॉम' करून टाकलं तेही त्याने चालवून घेतलं. पहिला बोलपटही तिथेच केला. तरी परतला. म्हणजे जीव रमला नाही, एवढं तरी म्हणता येतंच.

आणि परतल्यावर तो मुख्यतः नटच राहिला, हे इथे कोणी बोललंच नाही. १९५७ मध्ये, ७८ व्या वर्षी, दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधला म्हातारा प्रोफेसर. संवाद लक्षात राहत नव्हते, तब्येत साथ देत नव्हती, संध्याकाळी ठरल्या वेळी घरी व्हिस्कीचा ग्लास हवाच. आणि शेवटी आईवडिलांना लांबून पाहतानाचा तो चेहरा! १९६० च्या जानेवारीत गेला.

मालूताई_डोंबिवली

त्या चेहऱ्यासाठी मी सगळा वाद सोडायला तयार आहे. पण सोडत नाही. 😀

गार्बोला 'न परतलेली' म्हणून खालच्या पायरीवर का बसवायचं? वडील गेले तेव्हा चौदा वर्षांची होती, मग दुकानात टोप्या विकल्या, मग ड्रामाटेनच्या शाळेत. तिच्याकडे सोडून येण्याजोगी रंगभूमीवरची कारकीर्द होती कुठे? हान्सनला परतायला घर होतं. हिचं घर कॅमेराच. आणि बोलपटाची भीती सगळ्यांना खात असताना हिने १९३० मध्ये 'अ‍ॅना क्रिस्टी' केला. भूमिकाच स्वीडिश मुलीची, त्यामुळे उच्चारांचा दोष गुण ठरला.

पिटातला

ताई, 'अ‍ॅना क्रिस्टी' काढलात ते बरं केलंत. नाटक कोणाचं? अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलचं. आता पुढचं ऐका.

ओनीलच्या मृत्यूनंतर उजेडात आलेलं त्याचं मोठं नाटक, 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट', जगात पहिल्यांदा झालं ते न्यूयॉर्कला नाही, स्टॉकहोमला. १० फेब्रुवारी १९५६, ड्रामाटेन, स्वीडिश भाषेत. त्यातला बाप जेम्स टायरोन हा नट आहे. एकाच गल्लाभरू भूमिकेच्या मागे लागून आपली गुणवत्ता मातीत घातली, हे त्याला म्हातारपणी डाचतंय. ही भूमिका केली लार्स हान्सनने, सत्तरीला टेकलेला असताना. तीस वर्षांपूर्वी गार्बोबरोबर 'फ्लेश अँड द डेव्हिल' करून आलेला माणूस!

उत्तरध्रुव

योगायोग झकास आहे, पण योगायोग म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय ते नाटक आपल्यापैकी कोणी पाहिलंय? आपण 'द विंड' पाहतोय, कारण त्याची प्रत राहिली. स्वीडनमधल्या जुन्या मूकपटांच्या निगेटिव्ह १९४१ च्या स्फोटात आणि आगीत मोठ्या प्रमाणात गेल्या. हॉलिवूडने निदान हान्सनला आपल्यापर्यंत पोचवलं.

पिटातला

हा मुद्दा बोचला. उत्तर सुचलं तर उद्या लिहितो.

स्लसेनची_सून

स्टॉकहोमात राहते, उशिरा आले. धाग्याच्या शीर्षकात एक दुरुस्ती हवी. गार्बो १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारली, पण तिच्या अस्थी १९९९ मध्ये इथे आणल्या. शहराच्या दक्षिणेला पाइनच्या झाडांत स्मशानभूमी आहे, मेट्रोने जाता येतं. लालसर दगड, त्यावर फक्त तिची सही. मागच्या रविवारी सासूबाईंना घेऊन गेले होते, आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.