मदत हवी आहे: चाचणीतल्या चुकांवरून गट कसे पाडावेत?

माझं शिकवण्याचं पहिलं वर्ष. सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका. तिसरी-चौथी एकाच खोलीत. चौथीत 23 मुलं, बहुतेकांच्या घरी कन्नड.

पायाभूत चाचणीचे (मुलांना आधीचं किती येतं ते पाहणारी चाचणी) नुसते गुण पाहून काहीच कळेना, म्हणून प्रश्नवार तक्ता केला. हातच्याच्या वजाबाकीत 11 जण चुकले. त्यातल्या 7 जणांनी 403 − 168 चं उत्तर 365 लिहिलंय, म्हणजे एकक, दशक, शतक अशा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय. बाकी चौघांच्या चुका वेगवेगळ्या. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुटे करून दाखवले. 52 − 27 जमलं, पण मधे शून्य आलं की पुन्हा तेच.

शाब्दिक उदाहरणांत 9 जण चुकले होते. तीच उदाहरणं कन्नडमधून वाचून दाखवली तर 5 जणांनी बरोबर सोडवली! त्यांना गणितात कच्चं म्हणणं मला पटत नाही.

गणिताला रोज 40 मिनिटं, त्यातली निम्मी तिसरीला जातात. मोबाईलवरचे उपाय नकोत, रेंज नसते. आणखी मोठी चाचणीही नको.

एवढ्या वेळात दोनच गट जमतील. ते चुकांच्या प्रकारावरून करू की भाषेच्या अडचणीवरून? आणि शून्याची अडचण सुटली की नाही हे किती दिवसांनी, किती उदाहरणं देऊन तपासता?