४९३ आणि ५००: फ्रेड मॅकग्रिफच्या सात होमरनचा हिशेब

अटलांटावासी (धागाकर्ता)

२००४ च्या जुलैत टॅम्पा बेने बेसबॉलपटू फ्रेड मॅकग्रिफला संघातून मोकळं केलं. वय चाळीस. त्या मोसमात जेमतेम २७ सामने मिळाले, दोन होमरन (थेट कुंपणापार जाणारे फटके) झाले, सरासरी (पाळ्यांच्या मानाने यशस्वी फटक्यांचं प्रमाण) .१८१. कारकिर्दीचा आकडा ४९३ वर थांबला. पाचशेला सात कमी.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की पाचशे होमरन हा तिथला मोठा मैलाचा दगड आहे. २००७ साली मार्क मॅकग्वायरचं नाव मतपत्रिकेवर येईपर्यंत, पाचशे गाठलेला जो कुणी पात्र ठरला तो लवकर नाहीतर उशिरा, पण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. मॅकग्रिफ मात्र २०१० ते २०१९ अशी दहा वर्षं पत्रकारांच्या मतपत्रिकेवर राहिला. हवी होती ७५ टक्के मतं. सर्वात जास्त मिळाली ती शेवटच्या वर्षी, ३९.८ टक्के. २०१४ ला तर बारा टक्केसुद्धा नव्हती. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये वेगळ्या समितीने सोळापैकी सोळा मतांनी त्याला आत घेतलं.

माझं म्हणणं असं की ते सात होमरन त्याच्या बॅटने गमावले नाहीत, १९९४ च्या संपाने खाल्ले. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडू संपावर गेले. मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती मान्य नव्हती. मोसम तिथेच संपला, वर्ल्ड सीरिजसुद्धा रद्द झाली. त्या दिवशी मॅकग्रिफचे ११३ सामन्यांत ३४ होमरन होते, सरासरी .३१८. त्याच्या संघाचे, अटलांटा ब्रेव्ह्जचे, ४८ सामने बाकी होते. त्याच वेगाने खेळला असता तर आणखी चौदा. पुढचा मोसम उशिरा सुरू होऊन १४४ सामन्यांचा झाला, तिथे आणखी तीन धरा. सतरा गेले. हवे होते सात!

मी त्याला टीव्हीवर खूप पाहिलंय. डावखुरा, उंच, उभा राहायचा तो अगदी शांत. फटका बसला की बॅट डोक्यावरून गरकन फिरायची, आणि चेंडू कुठे पडणार हे त्या फिरण्यावरूनच कळायचं. २० जुलै १९९३ ला तो अटलांटाच्या संघात पहिल्यांदा आला, त्याच संध्याकाळी सामन्याआधी स्टेडियममध्ये आग लागली. खेळ उशिरा सुरू झाला. ब्रेव्ह्ज पाच धावांनी मागे. मॅकग्रिफने होमरन मारून बरोबरी साधली आणि सामना जिंकला. तिथून पुढे संघाने ५१ सामने जिंकले, १७ हरले, आणि सॅन फ्रान्सिस्कोला एका विजयाने मागे टाकलं. हे सगळं एका तराजूत आणि 'पाचशे नाहीत' हे दुसऱ्यात, असा न्याय दहा वर्षं चालला. मला तो आजही पटत नाही.

आकडेमोड

सहमत नाही. संप एकट्या मॅकग्रिफसाठी झाला नव्हता. मॅट विल्यम्स त्या दिवशी ४३ होमरनवर होता, रॉजर मॅरिसच्या एका मोसमातल्या ६१ च्या मागावर. टोनी ग्विन .३९४ वर होता, .४०० ला सहा हजारांश कमी. नुकसान त्यांचंही झालं, आणि ते परत कधीच भरून निघणार नव्हतं. मॅकग्रिफला त्यानंतर १० मोसम मिळाले.

त्या दहांत बघा. १९९७: २२ होमरन. १९९८: १९. दोन्ही पूर्ण मोसम, दुखापत नाही, संप नाही. १९९८ मध्ये तर तो पस्तिशीच्या आत होता आणि मॅकग्वायर ७० मारत होता. या दोन वर्षांत नेहमीसारखे तीस-तीस मारले असते तर ४९३ चे ५१२ झाले असते. सात होमरन शोधायला १९९४ पर्यंत जायची गरज नाही.

आणि हा फर्स्ट बेसमन आहे, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. मैदानात या जागेकडून सर्वात जास्त अपेक्षा असते ती बॅटिंगचीच. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) तीस होमरन मारले तर बातमी होते, फर्स्ट बेसमनने मारले तर तो कामावर हजर होता एवढंच. एमव्हीपीच्या (मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या) मतदानात मॅकग्रिफ चौथ्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही. चांगला खेळाडू, फार चांगला. पण मतदारांनी ताटकळत ठेवलं ते फक्त सात होमरनसाठी, असं नाही.

कसबा_पेठ

बेसबॉल मला फारसा कळत नाही, पण हे वाचताना भाऊसाहेब निंबाळकर डोळ्यांसमोर आले. डिसेंबर १९४८, पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी. आणि सुट्टीनंतर काठियावाडचा संघ खेळायला आलाच नाही, सामना सोडून दिला. त्यांना नाव खराब होण्याची भीती वाटली म्हणे. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. तो विक्रम झाला असता तर निवड समितीला त्यांच्याकडे असं दुर्लक्ष करता आलं असतं का? आमच्या घरात वडील हा प्रश्न दर रणजी मोसमात विचारायचे.

आकडेमोड

@कसबा_पेठ, निंबाळकरांबद्दल तुमच्या वडिलांशी शंभर टक्के सहमत. पण तुलना मला उलटी वाटते. निंबाळकर नाबाद होते, खेळायला तयार होते, आणि समोरचा संघच निघून गेला. पुन्हा ४४३ वर उभं राहायची संधी माणसाला मिळत नसते. मॅकग्रिफचा आकडा मात्र दर एप्रिलला जिथे होता तिथूनच पुढे सुरू व्हायचा.

अटलांटावासी

१९९७-९८ चा मुद्दा मान्य. तो मी सोयीने टाळला होता, कबूल करतो. पण त्यानंतरचंही सांगा की. १९९९ ला ३२, २००१ ला ३१, २००२ ला अडतिसाव्या वर्षी ३०. कारकिर्दीत दहा मोसम तीस किंवा जास्त होमरनचे, त्यातले सात ओळीने, १९८८ ते १९९४. १९८९ ला टोरांटोकडून ३६ मारून अमेरिकन लीगमध्ये पहिला, १९९२ ला सॅन डिएगोकडून ३५ मारून नॅशनल लीगमध्ये पहिला. दोन्ही लीगमध्ये पहिला येणं फार थोड्यांना जमलंय.

मूळ दुखणं वेगळंच आहे. ३६ होमरनने लीगमध्ये पहिलं येता येत होतं तेव्हा तो ३६ मारत होता. मग १९९८ ला ६६ आणि ७० चे आकडे आले, आणि त्याचे तेच तीस-बत्तीस किरकोळ दिसायला लागले. ते मोठे आकडे कशाच्या जोरावर आले हे पुढे बाहेर आलं. मॅकग्वायरने २०१० मध्ये उत्तेजकं घेतल्याची स्वतः कबुली दिली. राफाएल पाल्मेरो, हाही फर्स्ट बेसमनच, ५६९ होमरन आणि ३०२० हिट (बेस गाठून देणारे फटके). जुलै २००५ मध्ये तीन हजारावा हिट मारला आणि १ ऑगस्टला उत्तेजक चाचणीवरून निलंबित झाला. उत्तेजकांवरच्या २००७ च्या मिचेल अहवालात एवढी नावं आली, त्यात मॅकग्रिफचं नाही. म्हणजे ज्यांनी आकडे फुगवले त्यांना शेवटी दार बंद झालं हे खरं, पण त्यांच्या फुगलेल्या आकड्यांशेजारी ठेवून याला दहा वर्षं लहान ठरवलं गेलं.

डेट्रॉईटचा_शेजारी

धागाकर्त्याची तळमळ पोचली, पण मैलाच्या दगडांनाच नावं ठेवू नका, एवढं सांगायला लिहितोय.

डेट्रॉईटचा मिगेल कॅब्रेरा २१ एप्रिल २०२२ ला २९९९ हिटवर होता. गुरुवारची दुपार, समोर यँकीज. आठव्या इनिंगला त्याची पाळी आली, सगळं स्टेडियम उभं, आणि यँकीजनी त्याला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर पाठवलं. डावपेच म्हणून बरोबर असेल. लोकांनी जे हुर्यो केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. शुक्रवारी पावसाने सामना नाही. शनिवारी २३ तारखेला कोलोरॅडोविरुद्ध, पहिल्याच इनिंगला उजव्या बाजूला साधा, सरळ हिट. समोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप होसे इग्लेसियस, कॅब्रेराचा जुना सहकारी, सर्वात आधी येऊन त्याच्या गळ्यात पडला. कॅब्रेराच्या आईला आणि मुलांना मैदानात आणलं होतं. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ सत्तरीचे, ओळख ना पाळख, त्यांनी माझा हात धरला होता आणि सोडेचनात.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याचा पाचशेवा होमरन टोरांटोत झाला, तेव्हाही असंच. त्या वर्षांत कॅब्रेरा आधीचा राहिला नव्हता, २०१२ ला ट्रिपल क्राउन (सरासरी, होमरन आणि फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत लीगमध्ये पहिला) जिंकणारा तो कॅब्रेरा नव्हेच. संघ हरत होता. पण गावाला रोज पेपर उघडून बघायला एक आकडा होता. ५०० आणि ४९३ मध्ये खेळाचा फरक नसेल, पण ४९३ व्या होमरनसाठी कुणी उभं राहत नाही. सचिनच्या शंभराव्या शतकासाठी आपण नागपूर ते मीरपूर एक वर्षभर थांबलोच ना? तो सामना भारत हरला होता. लक्षात शतक राहिलं.

कसबा_पेठ

मीरपूरचं मला उलटच आठवतं. त्या वर्षभरात तो बॅटिंगला आला की पोटात गोळा यायचा, खेळ बघणं राहून गेलं. आनंदापेक्षा सुटका झाल्यासारखं वाटलं.

अटलांटावासी

@डेट्रॉईटचा_शेजारी, हे वाचून मी थोडा नरमलो. लोकांनी उभं राहण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. उभं राहावंच. मतपत्रिकेसमोर बसलेल्या माणसाने मात्र तो आकडा चाळणी म्हणून वापरू नये, एवढंच.

आणि लू गेरिग? तोही डावखुरा, तोही फर्स्ट बेसमन, आणि त्याचेही बरोबर ४९३ होमरन. १ जून १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला, २ मे १९३९ ला डेट्रॉईटमध्ये स्वतः मॅनेजरला सांगून बाहेर बसला. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने शरीर सुटत चाललं होतं. १९३९ च्या आठ सामन्यांत एकही होमरन नाही. त्याच वर्षी, निवृत्तीनंतर थांबायचा नियम बाजूला ठेवून त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. गेरिगचे सात कमी पडले असं कुणी म्हणतं का?

आकडेमोड

गेरिगला मध्ये आणू नका, कृपया. सरासरी .३४०. ४९३ होमरन २१६४ सामन्यांत, मॅकग्रिफला २४६० लागले. गेरिगला ४९३ ची गरजच नव्हती, दोनशे होमरन कमी असते तरी तो आत असता. नेमका इथेच फरक आहे. काठावरच्या खेळाडूलाच मैलाचा दगड लागतो, आणि काठावर असणं हा संपाचा दोष नाही. आल्बर्ट पुहोल्स बघा. मे २०२१ मध्ये एंजल्सनी सोडलं तेव्हा ६६७ वर होता. तेव्हा थांबला असता तरी पहिल्याच वर्षी आत गेला असता, कुणी सातशे मोजले नसते. तरी त्याने त्याच वर्षी डॉजर्सकडून १२ मारले, मग सेंट लुईसला परत आला, २०२२ मध्ये २४ मारले, ७०३ वर थांबला. तो आनंदाचा भाग, पात्रतेचा नाही.

मैदानावरून

न्यू जर्सीत शनिवारी लहान मुलांच्या संघाला शिकवतो, म्हणून माझा राग दोन्ही बाजूंवर आहे. फर्स्ट बेसमनबद्दल एवढं लिहून झालं आणि एकानेही त्याच्या मिटबद्दल, म्हणजे चेंडू पकडायच्या हातमोज्याबद्दल, लिहिलं नाही.

कीथ हर्नांडेझ. अकरा गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), १९७८ ते १९८८, ओळीने. १९७९ ला .३४४ सरासरीने बॅटिंगमध्ये पहिला आणि विली स्टारजेलबरोबर विभागून एमव्हीपी. १९८२ ला सेंट लुईस, १९८६ ला मेट्स, दोन विजेतेपदं. बंट (बॅट नुसती टेकवून हळू सोडलेला चेंडू) पडली की हा पहिल्या बेसवरून धावत पार तिसऱ्या बेसच्या बाजूला जायचा, उचलायचा आणि पुढच्या धावणाऱ्याला बाद करायचा. प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर बंट करायला कचरायचे. सगळं धरून केलेल्या वॉरच्या (खेळाडूमुळे संघाला मिळालेल्या जादा विजयांच्या) हिशेबात तो साठच्या घरात येतो, मॅकग्रिफ बावन्न-त्रेपन्नच्या. होमरन १६२. हॉल ऑफ फेम? अजून बाहेर. पत्रकारांची मतं कधी अकरा टक्क्यांपर्यंतही गेली नाहीत. सात कमी पडलेल्याला शेवटी सोळापैकी सोळा मिळाली. ज्याच्या कामाला मैलाचा दगडच नाही त्याने काय करायचं?

अटलांटावासी

याला माझ्याकडे उत्तर नाही. हर्नांडेझ आत असायला हवा. मॅकग्रिफचा हात त्याच्याइतका चांगला नव्हता, हेही खरं.

आकडेमोड

हर्नांडेझबद्दल मीही सहमत. पण मिटचं काम मोजणार कसं? फर्स्ट बेसवर पकडलेले चेंडू तर सगळ्यांचेच हजारोंनी असतात.

मैदानावरून

तेच तर. गेल्या शनिवारचं सांगतो. माझी फर्स्ट बेसची मुलगी दहा वर्षांची आहे. शॉर्टस्टॉपने घाईत फेकलेला चेंडू तिच्या हातभर आधी मातीत आपटला. तिने उजवा पाय बेसच्या कडेला टेकवून ठेवला, डावा पुढे ताणला, अगदी जमिनीला लागेपर्यंत, आणि मिट खालून वर आणत चेंडू उसळायच्या आत उचलला. धावणारा बाद. तिचा पाय बेसवरून सुटला नव्हता, मी मुद्दाम वाकून बघितलं. चेंडू सुटला असता तर शॉर्टस्टॉपच्या नावावर चूक लागली असती. मी स्कोअरची वही उघडली आणि लिहिलं: ६-३, म्हणजे शॉर्टस्टॉपने फेकला, फर्स्ट बेसने पकडला. त्याआधीच्या इनिंगला त्याच मुलाने छातीवर सरळ, सोपा चेंडू दिला होता. त्याच्यापुढेही ६-३ च लिहिलं होतं.