उभ्या गाडीला कोणीतरी ठोकून गेलं: काय बघायचं, काय करायचं

चाकोरी

गाडी रेषेत नीट लावलेली असते, परत येऊन बघावं तर दाराला पोचा, बंपरवर ओरखडा आणि ठोकणारा पसार. अशा वेळी नेमकं काय करायचं, हे ज्यांचा हात रोज याच कामात असतो त्यांनी लिहावं अशी विनंती. रंगकाम, पोचे काढणं, विम्याची पाहणी, कॅमेरे, वायरिंग, ज्याला जे नीट येतं ते. कोणत्या क्रमाने काय करायचं आणि लोक कुठे चुकतात, एवढं आलं तरी पुष्कळ.

सुरुवात मीच करतो. पहिली चूक पहिल्याच मिनिटात होते: माणूस अंगठा ओला करून ओरखडा चोळून बघतो. तिथे समोरच्या गाडीचा रंग लागलेला असतो, आणि बऱ्याचदा ठोकणाऱ्याची तेवढी एकच निशाणी मागे राहिलेली असते. चोळू नका, गाडीही लगेच हलवू नका. आधी फोटो काढा. चारही कोपऱ्यांवरून अख्खी गाडी, त्यात जमिनीवरच्या रेषा आणि शेजारच्या गाड्या नंबरप्लेटसकट याव्यात. मग चार-पाच फुटांवरून तो भाग, आणि शेवटी जवळून, खुणेशेजारी मोजपट्टी धरून. पोचा समोरून काढलेल्या फोटोत दिसतच नाही. पत्र्यात एखाद्या दिव्याची किंवा भिंतीच्या कडेची सरळ रेघ दिसेल अशा तिरप्या कोनातून काढा. रेघ जिथे वाकते तिथे पोचा.

खूणवाचक

वरच्या फोटोंत एक माप जोडा: जमिनीपासून खुणेच्या खालच्या आणि वरच्या कडेपर्यंतची उंची, सेंटीमीटरमध्ये. बंपरने घासलं, दाराची कड लागली की दुचाकीचं हँडल, हे उंचीवरून बरंचसं कळतं. पण दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे धरूनच चाला. ब्रेक दाबल्यावर पुढे जाणाऱ्या गाडीचं नाक खाली झुकतं, मागे येणाऱ्या गाडीची शेपूट खाली बसते, आणि भरलेली गाडी एरवीही खालून चालते.

ओरखड्याची दिशाही बघा. रंग आणि प्लास्टिकचा भुगा घासण्याच्या दिशेने पुढे ढकलला जातो, त्यामुळे ज्या टोकाला तो साचलेला दिसतो तिकडे ठोकणारी गाडी सरकत गेली. लांब, समांतर, आडव्या रेघा म्हणजे वळताना घासून गेली. एकाच जागी खोल खड्डा आणि आजूबाजूला काही नाही, तर बहुधा शेजारच्याने दार उघडताना आपटलं.

जमिनीवर पडलेले तुकडे गोळा करा, दिव्याच्या काचेचे तर नक्कीच. त्यांवर पुष्कळदा उत्पादकाची खूण, पार्ट नंबर किंवा वर्तुळातलं ई अक्षर आणि त्यामागचा मान्यता क्रमांक कोरलेला असतो. एवढ्यावरून दिवा कोणत्या मॉडेलचा हे शोधता येतं. तुकडे कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख, वेळ, जागा लिहा.

तिसरा डोळा

सीसीटीव्हीच्या बाबतीत शत्रू एकच, उशीर. रेकॉर्डरची हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कुठे ते महिनाभर राहतं, कुठे आठवडाही नाही. त्यामुळे त्याच दिवशी जाऊन विचारा, आणि देणार नसतील तर निदान ‘पुसू देऊ नका, जपून ठेवा’ असं लेखी द्या. पोलिसांनी किंवा विमा कंपनीने मागितल्यावर पुष्कळजण देतात, पण तोवर ते शिल्लक राहायला हवं.

मागताना ‘दिवसभराचं दाखवा’ म्हटलं की समोरचा वैतागतो. गाडी शेवटची धड कधी बघितली आणि नुकसान कधी दिसलं, या दोन वेळा सांगा. आधी मधली वेळ बघायची: तिथे गाडी धड दिसली तर पुढचा अर्धा भाग, नाहीतर मागचा. आठ तासांचं चित्रण असं अर्धं-अर्धं करत गेलात की सहा वेळांत साडेसात मिनिटांवर येता. मोठा पोचा किंवा तुटलेला आरसा असेल तर हे छान जमतं. बारीक ओरखडा चित्रात दिसत नाही, तिथे शेजारी कोणती गाडी आली-गेली तेच बघावं लागतं.

आणि रेकॉर्डरच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका. ते पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे असणं अगदी नेहमीचं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहून ठेवा. नाहीतर दोन कॅमेऱ्यांचा मेळ लागत नाही. चित्रण पेनड्राइव्हवर मूळ फाइल म्हणूनच घ्या. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढला की नंबरप्लेटची अक्षरं विरघळतात.

रंगछटा

ओरखडा किती खोल हे ठरवल्याशिवाय काहीही लावू नका. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते. खाली प्राइमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, अंदाजे 40 ते 50 मायक्रॉन. म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे हा क्लिअर कोट थोडा-थोडा झिजवणं. एकाच जागी पुन्हापुन्हा कंपाउंड (पॉलिशची खरखरीत पेस्ट) घासलं की तो संपतो आणि तिथे निस्तेज डाग कायमचा राहतो.

परीक्षा सोपी आहे. फोटो झाल्यावर पाण्याचा थेंब ओरखड्यावर सोडा. ओला असताना रेघ दिसेनाशी झाली तर ती क्लिअर कोटातच आहे, पॉलिशने जाईल. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पॉलिशने पूर्ण जायची आशा सोडा. आत राखाडी किंवा पांढरट दिसलं तर तो प्राइमर, चकचकीत दिसला तर पत्रा उघडा पडलाय. बंपरवर आत काळं दिसलं तर ते प्लास्टिक, त्याला गंज नाही, घाईही नाही. उघड्या पत्र्याला मात्र आहे. दमट हवेत काही दिवसांतच तांबूस कड दिसू लागते, आणि मग गंज रंगाच्या खालून पसरत जातो.

पुष्कळदा ‘खोल ओरखडा’ वाटतो तो निव्वळ वर चिकटलेला परका रंग असतो. मायक्रोफायबरवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकं पुसा, कापडाची घडी सारखी बदलत. उरलेल्यासाठी बारीक कंपाउंड, हाताने. थिनर आणि ॲसिटोन लावू नका. आधी कधी रंगवलेला भाग असेल तर खालचा रंगच सुटून येतो.

पत्रा दिसत असेल तर टचअप असं करा: गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड बघून तोच रंग घ्या, नुसतं ‘पांढरा’ म्हणून नको. सुटलेल्या कडा टोकदार काडीने काढा, अल्कोहोलने पुसा, प्राइमर फक्त पत्र्यावर. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांत 15 ते 20 मिनिटं, शेवटी क्लिअर. ब्रश नव्हे, काडीपेटीची टोकदार काडी वापरा. सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाच जाड थेंबात भरल्याने: वरून वाळतो, आत ओला राहतो, आणि सुकताना मध्ये खचतो. निदान आठवडाभर तसंच ठेवा, मगच 2000 आणि 3000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हलक्या हाताने.

मेटॅलिक आणि पर्ल रंगात अख्खं दार रंगवलं तरी शेजारच्या फेंडरशी छटा जुळत नाही, कारण त्यातल्या चकत्या फवारणीच्या पद्धतीप्रमाणे वेगळ्या पडतात. चांगला पेंटर रंग शेजारच्या पॅनेलवर विरत नेतो. अंदाजपत्रकात ‘ब्लेंडिंग’ लिहिलंय का ते विचारा.

पोचेवाला

रंग फुटला नसेल तर लांबी (खड्डा भरायची पुटी) भरून रंगवायच्या आधी रंग न करता पोचा काढणाऱ्याला दाखवा. आतून लांब सळ्यांनी किंवा बाहेरून गोंदाच्या बटणांनी पत्रा हळूहळू वर आणतात. मूळ रंग टिकतो, हे सगळ्यात मोलाचं. गोल, उथळ पोचा सोपा. दाराच्या उठावदार रेषेवर धारदार घडी पडली असेल किंवा मागे दुहेरी पत्रा असेल तर अवघड. ॲल्युमिनियमचा पत्रा परत यायला जास्त हट्टी असतो, तिथे त्यातला जाणकारच बघा.

बंपर आत दबलाय? तो पॉलिप्रॉपिलीनचा, उष्णतेने मऊ होतो. दबलेल्या जागेवर उकळतं पाणी सावकाश ओता आणि जाड हातमोजे घालून मागून दाबा. बाहेर आला की लगेच गार पाणी. घडी पडली असेल तर तिची पांढरट रेघ राहणारच. हीट गन नको, रंगाला फोड येतात. आणि गार, कडक बंपरला लाथ किंवा बुक्की तर मुळीच नको, रंग तडकतो.

पानापक्कड

दोन गोष्टी, पण महत्त्वाच्या. ऑटोमॅटिक गाडी नुसती ‘पी’ मध्ये होती, हँडब्रेक नव्हता आणि धक्क्याने गाडी सरकली असेल, तर सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिटीवर आलेला असतो. ‘पी’ मधून काढताना खट्ट आवाज येतो का, उतारावर गाडी धरते का, बघा. यापुढे आधी हँडब्रेक, मग ‘पी’.

मार चाकाला लागला असेल तर स्टिअरिंग सरळ धरून गाडी सरळ जाते का ते बघा, आणि रिमची कड व टायरची बाजू बोटांनी चाचपा. बाजूला फुगवटा लागला तर आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच.

चाकोरी

पानापक्कड, बंपर वरून धड दिसत असेल तर आत बघायची गरज असते का?

पानापक्कड

असते. प्लास्टिक दबून परत जागेवर येतं, मागचा फोम आणि आडवी पट्टी येत नाही. बंपर आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना मोजा. एकीकडे 3 मिलिमीटर आणि दुसरीकडे 7 असेल तर क्लिप किंवा ब्रॅकेट तुटलाय. हेडलाइट हाताने हलवून बघा, तिचे कान पटकन तुटतात. बंपरमागे रडार (पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा सेन्सर) असेल तर त्याचा कोन जरासा बदलला तरी पुढची गाडी चुकीच्या जागी ‘दिसते’. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे कोन पुन्हा नेमका जुळवणं, करून घ्यावं लागतं. रडारच्या समोरच्या भागावर लांबी किंवा रंगाचे जाड थर तर नकोतच.

सर्व्हे-नोंद

ठोकणारा सापडला नाही तर खर्च आपल्याच पॉलिसीतल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागातून. फक्त तृतीय पक्षाची पॉलिसी असेल तर मिळत नाही. विमा कंपनीला आधी कळवा, पोलीस नोंद लागते का तेव्हाच विचारा, आणि पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नका.

दावा करायचा का, हे आकड्यांनी ठरवा: दुरुस्तीच्या अंदाजातून तुमच्या माथी येणारी ठरावीक वजावट काढा, उरलं त्याची तुलना पुढच्या वर्षांत हुकणाऱ्या नो क्लेम बोनसशी (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) करा. छोट्या ओरखड्यात बहुधा खिशातून करणंच परवडतं. पण जुने ओरखडे याच घटनेत घुसडू नका. जुन्या खुणेत गंज, मेण, धूळ बसलेली असते, ती लगेच ओळखू येते आणि खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

बंपर उतरवल्यावर आत आणखी तुटलेलं निघालं तर तिथेच काम थांबवून फोटो काढा आणि पुन्हा पाहणी मागा. जोडून झाल्यावर मागितलेला वाढीव खर्च बहुधा अडकतो.

वायरमन

पार्किंगमध्ये चालणाऱ्या डॅशकॅमविषयी. तो साधारण 0.3 अँपिअर ओढतो असं धरा: 12 तासांत 3.6 अँपिअर-तास. 45 अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक रात्र काही नाही, पण गाडी तीन-चार दिवस हललीच नाही किंवा रोज पाचच मिनिटं चालली तर बॅटरी बसते. म्हणून कॅमेरा थेट गाडीच्या बॅटरीला जोडणाऱ्या हार्डवायर किटमध्ये व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी उतरू लागली की कॅमेरा बंद करणारी सोय) हवाच, आणि तो 12.2 व्होल्टच्या खाली ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरीवाला कॅमेरा फुगतो, सुपरकपॅसिटरवाला घ्या.

धक्का लागल्यावर सुरू होणारा कॅमेरा उपयोगाचा नाही, तोवर समोरचा निघालेला असतो. धक्क्याच्या आधीचे काही सेकंद साठवणारा बघा. कार्ड सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं घ्या: सेकंदाला 15 मेगाबिटने तासाला पावणेसात जीबी लागतात, म्हणजे 64 जीबीत नऊ तास. नुकसान दिसल्यावर गाडी सुरू करण्याआधी कार्ड काढून घ्या, नाहीतर घरी पोचेपर्यंत हवं तेच चित्रण पुसलेलं असतं.